निबंधाची प्रस्तावना शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा, सदाशिव पेठ: काय घ्यावं, काय सोडावं

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या निबंधाच्या क्लासला तोटा नाही. पेरूगेटपासून शास्त्री रोडकडे निघालं की प्रत्येक दुसऱ्या जिन्याशी एक फलक दिसतो. पण निबंधाच्या फक्त पहिल्या अर्ध्या पानासाठी सहा तास देणारा वर्ग विरळाच. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार ही कार्यशाळा भरते. फी १,५०० रुपये, दोन्ही दिवस सकाळी तीन-तीन तास, तीस जणांची बॅच, ६४ पानांची स्पायरल पुस्तिका आणि नंतर घरून लिहून दिलेल्या चार प्रस्तावनांची तपासणी, असं सगळं त्यात येतं. वर्गाचं नाव इथे देत नाही, कारण खाली ज्या तक्रारी केल्या आहेत त्यांतल्या निम्म्या आजूबाजूच्या वर्गांनाही तशाच्या तशा लागू होतात.

आमचं मत आधीच सांगतो. दुसऱ्या दिवसाचे तीन तास आणि वहीची तपासणी यांत पैसे वसूल होतात. पहिल्या दिवसाचा पहिला तास नसता तरी चाललं असतं. पुस्तिकेची शेवटची वीस पानं, म्हणजे ‘५० तयार प्रस्तावना’, मात्र फाडून बाजूला ठेवावीत. त्यांनी नुकसान होतं, आणि ते कसं होतं हे पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हा वर्ग नेमका कोणासाठी आहे ते आधी पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, प्रत्येकी १,००० ते १,२०० शब्द. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथेही २५० गुणांचा निबंध आला. ही नवी पद्धत पुढे ढकलावी म्हणून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, ते अनेकांना आठवत असेल. तोवर पर्यायांना गोल करायची सवय लागलेल्या हाताला आता सलग बारा पानं लिहायची असतात, आणि त्यातही एखाद्या वादाच्या विषयावर बाजू घेऊन लिहायचं असतं. बाजू घेता न येणं हीच इथली मोठी अडचण आहे. ती निबंधाच्या मधल्या भागात लपवता येते, प्रस्तावनेत लपवता येत नाही.

पहिल्या दिवशी विषय फोडायला शिकवतात. सुरुवातीचा तासभर निबंधाचे प्रकार, निबंधाचं महत्त्व, वाचन का करावं, यांत जातो. तो भाग कुठल्याही पुस्तकात मिळेल. दुसऱ्या तासापासून वर्ग रंगतो. फळ्यावर एक विषय लिहितात आणि विचारतात, हा प्रश्न ‘आहे का’चा आहे, ‘चांगलं की वाईट’चा आहे, की ‘करावं का’चा? वस्तुस्थितीचा वाद, मूल्याचा वाद आणि धोरणाचा वाद हे तीन वेगळे असतात. प्रस्तावनेतलं भूमिकेचं वाक्य प्रत्येकात वेगळ्या घडणीचं लागतं. ‘भांडवलशाहीतून सर्वसमावेशक विकास होऊ शकतो का?’ हा केंद्रीय आयोगाचा २०१५चा विषय शक्यतेबद्दल विचारतो. तिथे ‘भांडवलशाही चांगली की वाईट’ असं लिहायला घेतलं की पहिल्या अर्ध्या पानातच गाडी दुसऱ्या रुळावर जाते आणि पुढची अकरा पानं कितीही चांगली असली तरी ती विचारलेल्या प्रश्नाची राहत नाहीत.

या दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग भाषांतराचा आहे, आणि तो मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. केंद्रीय आयोगाचा निबंधाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत छापलेला असतो. उत्तर मराठीत लिहिता येतं, पण विषय मराठीत मिळत नाही. म्हणजे निबंधाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी तुम्ही एक भाषांतर केलेलं असतं आणि ते चुकलं तर कोणी सांगायला येत नाही. वर्गात यासाठी २०१७चा शेतीचा विषय घेतात. विषयाचा आशय असा, की भारतातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी शेती हे उदरनिर्वाहाचं साधन राहिलेलं नाही. दहातले पाच-सहा जण वहीत लिहितात, ‘शेती आता परवडत नाही.’ बोलताना आपण तसंच म्हणतो. पण ‘परवडणं’ म्हणजे नफातोटा आणि ‘उदरनिर्वाह’ म्हणजे घर चालणं. परवडण्याने सुरुवात केली की निबंध हमीभाव, खतांचे दर, बाजार समिती या वाटेने जातो. उदरनिर्वाहाने केली की जमिनीचा आकार, घरातली खाणारी तोंडं, शेतीबाहेरचं उत्पन्न हे पुढे येतं. आणि ‘बहुसंख्य’ हा शब्द सोडून दिला तर विषयातली मर्यादाच निघून जाते. मग द्राक्षबागायतदाराचं एक उदाहरण देऊन कोणीही ते विधान पाडू शकतो.

त्याच विषयावर वर्गात उभी केलेली सुरुवात चांगली आहे. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये देशातली सरासरी जमीनधारणा २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आली. दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन असलेले खातेदार त्याच २०१५-१६च्या गणनेत सुमारे ८६ टक्के होते. एवढे दोन आकडे ठेवून लगेच भूमिका: ‘तुकडा लहान झाला म्हणून शेती हरलेली नाही; त्या तुकड्यावर अख्ख्या घराचा भार एकट्या शेतीने उचलावा ही अपेक्षा हरली आहे.’ या वाक्याशी वाद घालता येतो, म्हणून ते भूमिकेचं वाक्य ठरतं. आकडा सजावटीसाठी आलेला नाही, भूमिका त्यातूनच निघते. आकडा वापरायचा तर असा.

आकड्यांबद्दल एक सूचना वर्गात दिली जात नाही, ती द्यायला हवी. प्रस्तावनेत जास्तीत जास्त दोन आकडे असावेत आणि प्रत्येकाला वर्ष आणि मूळ हवं. वर्ष नसलेला आकडा तपासणाऱ्याच्या मनात शंका पेरतो, आणि शंका घेऊन वाचणारा पुढची प्रत्येक ओळ तशीच वाचतो. आकडा नक्की आठवत नसेल तर तो अंदाजाने लिहू नये. ‘निम्म्याहून अधिक’ असं खात्रीने म्हणता येत असेल तर तेवढंच म्हणावं.

दुसरा दिवस हा या कार्यशाळेचा जीव आहे. तीन तासांत प्रत्येक जण दोन प्रस्तावना लिहितो आणि त्यांतल्या चार-पाच फळ्याशेजारच्या पडद्यावर लावून सगळ्यांसमोर वाक्यावाक्याने सोडवतात. कोणाची वही आहे ते सांगत नाहीत, हे बरं करतात. विषय पुणेकरांच्या जिव्हाळ्याचा असतो: हेल्मेटसक्ती असावी का? पडद्यावर लागलेली एक प्रस्तावना इथे देतो. अशा शेकडो वह्या पेठेत दर आठवड्याला लिहिल्या जातात.

‘आजच्या आधुनिक युगात वाहनांची संख्या झपाट्याने वाढत आहे. मानवी जीवन अनमोल आहे. शिर सलामत तो पगडी पचास असे म्हटले जाते. पुणे ही विद्येची नगरी म्हणून ओळखली जाते. परंतु येथे हेल्मेटसक्तीला विरोध केला जातो. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. हेल्मेटचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत. या निबंधात आपण दोन्ही बाजूंचा विचार करणार आहोत.’

आठ वाक्यं, आणि एकही चूक नाही. नापास का, ते पाहा. पहिलं वाक्य प्रदूषण, पार्किंग, मेट्रो, इंधन, कुठल्याही विषयाच्या डोक्यावर बसतं. जे वाक्य दहा विषयांना चालतं ते एकाही विषयाचं नसतं. दुसऱ्या वाक्याला नाही म्हणणारा माणूस मिळणार नाही. ज्याला विरोधक नाही ते विधान वादाच्या निबंधात जागा अडवतं. तिसरी म्हण डोकं वाचवायला सांगते. पण वाद डोकं वाचवावं की नाही हा नाहीच, सरकारने ते वाचवायला भाग पाडावं का हा आहे. म्हण विषयाच्या शब्दाशी जुळली, विषयाशी जुळली नाही. पाचव्या वाक्यात विरोध ‘केला जातो’. कोण करतं, कशासाठी करतं? मराठीतला हा कर्मणी प्रयोग प्रस्तावनेचा मोठा शत्रू आहे, कारण वाद घालणारी माणसं तो गायब करतो. आणि शेवटची तीन वाक्यं मिळून एवढंच सांगतात की लेखकाने अजून काही ठरवलेलं नाही.

शिक्षक लाल पेनाने आठपैकी सात वाक्यं खोडतात आणि पाचवं ठेवतात. म्हणतात, इथून सुरू करा, पण ‘विरोध करणारा नेमका काय म्हणतो’ ते लिहा. हा क्षण पाहण्यासाठी तरी या वर्गाला जावं. मग वर्गातूनच एकेक वाक्य काढत ही प्रस्तावना तयार होते:

‘हेल्मेट डोकं वाचवतं याबद्दल पुण्यात फारसं दुमत नाही, वाद सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२९ने दुचाकीवरच्या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक केलं आहे. तरीही शहरात सक्तीच्या मोहिमांना विरोध झाला, आणि विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की डोकं माझं, धोकाही माझाच. चालकापुरता हा मुद्दा घटकाभर मान्य केला तरी मागे बसणाऱ्याला तो लागू पडत नाही. वेग, वळण, ब्रेक यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत मरण पावलेल्या हेल्मेट नसलेल्यांपैकी १४,३३७ जण सहप्रवासी होते. दुसऱ्याला आपल्या गाडीवर बसवणाऱ्याकडून त्याच्या डोक्याची काळजी कायद्याने वसूल करणं योग्यच आहे. मात्र ही सक्ती गल्लीबोळांतल्या दंडापासून न सुरू करता वेगाच्या रस्त्यांवर आधी बसवली, तरच ती टिकेल.’

शब्द शंभराच्या आसपास, म्हणजे उत्तरपत्रिकेच्या दहा-बारा ओळी. यात काय काय आहे ते नीट बघा. वादाची जागा पहिल्याच वाक्यात पक्की झाली. विरोधकाचा मुद्दा त्याच्या सर्वांत मजबूत रूपात मांडला, त्याला मूर्ख ठरवलं नाही. मग त्या मुद्द्यात एक फट शोधली, सहप्रवासी. भूमिकेत बाजूही आली आणि अटही आली. शिवाय अटीतच पुढच्या परिच्छेदांचा क्रम दडलेला आहे: आधी सहप्रवाशाचा मुद्दा, मग कायदा, मग शहरातल्या अंमलबजावणीचा प्रश्न. ‘या निबंधात आपण पाहणार आहोत’ असं म्हणायची गरजच उरली नाही.

याच आकड्यावर वर्गात एक गोष्ट छान दाखवतात. त्या वर्षी हेल्मेट नसलेले एकूण ५०,०२९ जण गेले, त्यांत ३५,६९२ चालक होते. मोठा आकडा सोडून लहान का घेतला? कारण भूमिका सहप्रवाशावर उभी आहे. मोठा आकडा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, पण तो ‘डोकं माझं’ म्हणणाऱ्याला उत्तर देत नाही. उलट त्याचाच पक्ष घट्ट करतो. आणखी एक खबरदारी आहे. अहवाल सांगतो की मृत व्यक्तींनी हेल्मेट घातलं नव्हतं. ‘हेल्मेट नसल्यामुळे मेले’ असं तो म्हणत नाही. ‘नसलेले’ आणि ‘नसल्यामुळे’ यांत जे अंतर आहे ते जाणकार तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

भूमिकेच्या वाक्यासाठी हा वर्ग एक साधा साचा देतो: ‘जरी… तरी… कारण…’. विरोधकाचा खरा मुद्दा ‘जरी’मध्ये, आपली बाजू ‘तरी’मध्ये, आधार ‘कारण’मध्ये. कच्च्या पानावर लिहायला हा साचा उत्तम. पण उत्तरपत्रिकेत तो तसाच उतरवला की वाक्य चार ओळींचं होतं, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाचणाऱ्याला चौथ्या ओळीपर्यंत कळतच नाही की तुम्ही कुठल्या बाजूला आहात. म्हणून कच्च्या पानावर एक वाक्य, पक्क्यात दोन-तीन. वर्गात हे सांगत नाहीत, आणि तपासून आलेल्या वह्यांत लांबलचक भूमिकेची वाक्यं बरोबरची खूण मिळवून परत येतात. ही त्यांची मोठी चूक आहे.

‘दोन्ही बाजूंना तथ्य आहे’ या भूमिकेवर वर्गाचं धोरण कडक आहे. त्याला शून्य गुण. आम्हाला ते थोडं जास्त वाटतं. मध्यम भूमिका चालते, फक्त ती कुठल्या अटीवर कुठल्या बाजूला झुकते ते सांगावं लागतं. ‘शहरात सक्ती, खेड्यात प्रबोधन’ ही मध्यम भूमिका आहे आणि तिच्याशी वाद घालता येतो. ‘समतोल साधला पाहिजे’ हीदेखील मध्यम भूमिकाच, पण तिच्याशी भांडायला कोणी येणार नाही. नवख्या मुलांना हा फरक न सांगता नुसता शून्य दिला की ती पुढच्या वेळी टोकाची बाजू घेतात, आणि ते प्रशासकीय परीक्षेत जास्त महागात पडतं.

वेळेचं गणितही दुसऱ्या दिवशी करून देतात. एका निबंधाला नव्वद मिनिटं. त्यांत विषय फोडणं आणि कच्चा आराखडा १८ मिनिटं, प्रस्तावना ८, मुख्य भाग ५५, शेवट ७ आणि परत नजर टाकायला २. प्रस्तावनेला आठच मिनिटं पुरतात, कारण खरं काम आधीच्या अठरा मिनिटांत झालेलं असतं. जो कच्चं पान न करता थेट प्रस्तावना लिहायला बसतो त्याची वीस मिनिटं जातात आणि तो लिहिता लिहिता भूमिका शोधत राहतो. कच्च्या पानावर काय असावं? भूमिकेचं एक वाक्य, तिला धरणारे तीन मुद्दे, विरोधकाचा एक जबरदस्त मुद्दा आणि त्याचं उत्तर. सहा ओळी. यानंतर त्या पानावर आडवी रेघ मारून टाकायची.

इथे वर्गाचा एक सल्ला आम्हाला पटत नाही. ते म्हणतात, पहिलं अर्धं पान कोरं सोडा, निबंध पूर्ण करा आणि प्रस्तावना शेवटी लिहा. घरी सराव करताना ही युक्ती चांगली आहे, कारण निबंध लिहून झाल्यावर आपली भूमिका काय होती ते स्पष्ट कळतं. परीक्षेत मात्र ती गळ्याशी येते. दुसरा निबंध बाकी असताना मन मागे यायला तयार नसतं, वेळ संपली तर पानावर सर्वांत वर पांढरी जागा राहते, आणि जागा अंदाजाने सोडलेली असल्याने शेवटच्या तीन ओळी मुंग्यांसारख्या बारीक होतात. त्यापेक्षा प्रस्तावना जागच्या जागी लिहावी आणि शेवटच्या दोन मिनिटांत फक्त भूमिकेचं वाक्य मुख्य भागाशी ताडून पाहावं. एखादा शब्द बदलायला तेवढा वेळ पुरतो.

आता पुस्तिकेबद्दल. पहिली ४४ पानं चांगली आहेत; जुने विषय, त्यांचे प्रकार, दोन-दोन वाक्यांत फोड. शेवटच्या २० पानांत त्या पन्नास तयार प्रस्तावना आहेत. स्त्री, पर्यावरण, शिक्षण, तंत्रज्ञान, लोकशाही, शेती अशा शीर्षकांखाली आठ-दहा ओळींचे परिच्छेद, पाठ करून चिकटवण्यासाठी. यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, हीच पुस्तिका हातात असलेले तुमच्यासारखेच अनेक जण त्याच आठवड्यात त्याच ओळी लिहिणार. दुसरी, जोड दिसते. पाठ केलेल्या ओळींची भाषा ऐटबाज असते आणि पुढे परीक्षार्थीची स्वतःची साधी भाषा सुरू होते. नव्या भिंतीला जुना गिलावा लावल्यासारखं ते दिसतं. तिसरी सर्वांत वाईट. तयार परिच्छेद विषयाच्या शीर्षकाला धरून असतो, विषयाच्या प्रश्नाला धरून नसतो. ‘शिक्षण’ या शीर्षकाखाली १८४८ साली भिडे वाड्यात फुले दांपत्याने सुरू केलेल्या मुलींच्या शाळेने सुरुवात केली आहे. घटना मोठी आहे, सुरुवातही चांगली होऊ शकते. पण प्रश्न परीक्षापद्धतीबद्दल असेल तर भिडे वाडा तिथे काय करणार? त्याच जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेलं निवेदन मात्र, प्राथमिक शिक्षणावर सरकारने खर्च करावा की उच्च शिक्षणावर अशा विषयाला नेमकं बसतं, कारण प्राथमिक शिक्षणाला प्राधान्य द्यावं हाच त्यांचा युक्तिवाद होता. उदाहरण थोर असून भागत नाही, ते तुमच्या वादात तुमच्या बाजूने उभं राहायला हवं.

पुस्तिकेतल्या अवतरणांकडे तर संशयानेच पाहावं. ‘जगात जो बदल हवा तो आधी स्वतः बना’ हे वाक्य गांधीजींच्या नावाने दिलं आहे. त्यांच्या लेखनात ते या शब्दांत सापडत नाही. आंबेडकर, विवेकानंद, कलाम यांच्या नावावरही अशी बरीच वाक्यं फिरतात. मूळ ठाऊक नसलेलं अवतरण प्रस्तावनेत टाकणं म्हणजे पहिल्याच ओळीत उसनवारी करणं. एखादा विचार पटला असेल तर तो अवतरणचिन्हं न लावता आपल्या शब्दांत लिहावा; तो जास्त जोरकस उतरतो.

आणि काही प्रस्तावना शिळ्या झाल्या आहेत. स्टिंग ऑपरेशन हा खासगीपणावर घाला आहे का, हा २०१४चा विषय पुस्तिकेत आहे. दिलेली प्रस्तावना त्याच काळात लिहिलेली दिसते. मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आज हाच विषय सरावाला घेतला तर ‘खासगीपणाचा हक्क आहे का’ हा वाद संपलेला आहे. आता वाद ‘जनहितासाठी तो कितपत आणि कोणी ओलांडावा’ हा आहे. प्रस्तावनेची पहिली ओळच बदलते. पुस्तिका छापणाऱ्यांनी दर वर्षी एवढं तरी तपासावं, १,५०० रुपये घेतात ते त्यासाठीही आहेत.

तपासणीबद्दल मिश्र अनुभव आहे. सात दिवसांत वही परत मिळेल असं सांगतात. ती दोन आठवड्यांच्या पुढे जाते. दोन तपासनीस आहेत. एक जण ‘छान’, ‘अजून सुधारणा हवी’, ‘भाषा ओघवती’ असे शेरे मारतात, ज्यांचा काही उपयोग नाही. दुसऱ्या मॅडम हिरव्या पेनाने समासात एकच प्रश्न लिहितात, आणि तो प्रश्न शंभर शेऱ्यांच्या तोडीचा असतो. एका वहीत ‘ग्रामीण भागात शिक्षणाची दुरवस्था आहे’ या वाक्याशेजारी त्यांनी लिहिलं होतं: ‘शाळा नाही, शिक्षक नाही, की पटावर मुलं असून वर्गात नाहीत? तुमचा निबंध यांतल्या कशावर आहे?’ ज्याला हा प्रश्न मिळाला त्याला पुढच्या तीन प्रस्तावनांमध्ये काय करायचं ते कळतं. तेव्हा नावनोंदणी करतानाच तपासणी त्यांच्याकडे मागून घ्यावी. मागितलं तर देतात.

गुणपत्रक दहाचं आहे. भूमिकेला ४, विषयातल्या शब्दांशी इमान राखण्याला २, विरोधी मुद्द्याच्या मांडणीला २, भाषेला १, लांबीला १. ही वाटणी योग्य आहे आणि घरी एकमेकांच्या वह्या तपासायलाही वापरता येते. अभ्यासिकेतले तीन-चार मित्र आठवड्याला एक विषय घेऊन, प्रत्येकी एक प्रस्तावना लिहून हे गुण देऊ लागले तर कार्यशाळेचा अर्धा फायदा चहाच्या पैशांत मिळेल. जुने विषय केंद्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अप्पा बळवंत चौकातून निबंधाचं जाडजूड पुस्तक आणण्यापेक्षा एक रिम रेघी कागद आणावेत.

सोयींचं थोडक्यात. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाकं अरुंद आहेत. लिहिताना शेजाऱ्याचा कोपर लागतो, डावखुऱ्यांनी कडेची जागा धरावी. पडद्यावरची अक्षरं मागच्या दोन रांगांना दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळी गंमत त्या पडद्यावरच असते. गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा बसने किंवा चालत यावं. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत खाली चहा मिळतो.

ज्यांनी अजून एकही पूर्ण निबंध लिहिलेला नाही त्यांनी लगेच जाऊ नये. आधी चार-पाच निबंध जमतील तसे लिहून काढावेत; आपली सुरुवात कुठे घसरते हे हातात असल्याशिवाय दुसऱ्या दिवसाची शस्त्रक्रिया समजत नाही. ज्यांचे निबंध २५०पैकी शंभर-एकशे दहा गुणांच्या आसपास अडकले आहेत आणि ‘बॉडी चांगली आहे, पण स्टँड दिसत नाही’ असा शेरा ज्यांना वारंवार मिळतो, त्यांच्यासाठी हे पंधराशे रुपये सार्थकी लागतील.

पैसे भरण्याआधी, या वर्गात किंवा पेठेतल्या दुसऱ्या कुठल्याही वर्गात, तपासलेली एक जुनी वही बघायला मागा. नाव झाकून दाखवतात. समासात नुसत्या बरोबरच्या खुणा आणि शेरे असतील तर आभार मानून जिना उतरा. भूमिकेच्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी एखादा प्रश्न विचारलेला दिसला, तर पावती करून घ्या आणि शनिवारी पहिल्या तीन रांगांत जागा मिळेल इतक्या लवकर या.